तीन गोण्या वांगी

योगराजच्या गाडीतून सगळ्यात आधी लाल प्लास्टिकची, हातांची, पाठीला गादी बांधलेली खुर्ची उतरली, तेव्हाच जीवराम आबांनी ओळखलं की यंदा आपला निकाल लागला आहे.

माणसं मागून उतरली. योगराज उतरला, त्याची मुलगी मोनाली उतरली, मग पाण्याचे जार उतरले. पण मान पहिला खुर्चीचा. योगराजनं ती स्वतः उचलून निंबाखाली नेली, हलवून पाहिली आणि खिशातला रुमाल काढून पुसली. मुलानं आपल्यासाठी इतक्या कौतुकानं काही पुसल्याचं आबांना आठवत नव्हतं.

आबांनी निंबापासून जाळाच्या जागेपर्यंत पावलं मोजली. बत्तीस भरली.

"तठून मले धूर बी दिसनार नही," ते म्हणाले.

"म्हणूनच तिथे ठेवली, आबा," योगराज म्हणाला. चोपन्न वर्षांचा हा मुलगा जळगावात टाइल्सचं दुकान चालवायचा आणि घरातही गिऱ्हाइकाशी बोलल्यासारखं गोड बोलायचा. "धूर डोळ्यांना वाईट. तुम्ही फक्त बसायचं. यंदा सगळं रुपचंद बघणार."

रुपचंद म्हणजे भरिताचा कंत्राटदार. भरिताला कंत्राटदार! असोद्यात, जिथली वांगी खायला लोक कुठून कुठून येतात, तिथे आबांच्या शेतात परका माणूस भरीत करणार होता. आबांनी त्याच्या टेम्पोकडे पाहिलं. टेम्पोत गॅसच्या दोन टाक्या होत्या, जाळीची भट्टी होती आणि एक निळा ड्रम होता. ड्रम कशाला, ते त्यांना कळलं नाही.

दिवाळीत केळीच्या बागेत पाण्याच्या पाटावरून पाय घसरून ते पडले, त्याला अडीच महिने झाले होते. हाड शाबूत राहिलं, बाकी सगळं गेलं. आधी स्कूटरची चावी जळगावला गेली. मग बागेतली फेरी बंद झाली. मग न्हाणीच्या दाराला आतून कडी लावायची नाही असं ठरलं आणि भरवसा नको म्हणून कडीच काढून टाकली. एकोणऐंशी वर्षांचे आबा तेव्हापासून आंघोळीला बसले की मोठमोठ्यानं खोकत राहायचे. या सगळ्याला त्यांनी मान तुकवली होती. पण जानेवारीतला भरिताचा जाळ ही गोष्ट वेगळी होती. या घरात जो जाळापाशी उकिडवा बसतो आणि हातातल्या निंबाच्या काठीनं वांगी फिरवतो, तो घरातला कर्ता. साठ माणसांची भाऊकी त्याच्या हातचं खाते.

आणि खुर्चीचं काय होतं, ते आबांना चांगलं ठाऊक होतं. त्यांच्या वडिलांना, झुलालबाबांना, असंच एका साली खुर्चीवर बसवलं होतं. "बाबा, यंदाच्या पुरतं बसा," असं म्हणत त्यांच्या हातून काठी काढून घेणारा माणूस दुसरातिसरा कोणी नव्हता, जीवरामच होता. झुलालबाबा बसले, ते पुन्हा कधी उठून जाळापाशी आले नाहीत. पुढची सहा वर्षं त्यांना ताट खुर्चीवरच मिळालं. तेव्हा जीवरामला वाटलं होतं, म्हातारा खुशीत आहे.

"मी बसनार नही," आबा म्हणाले.

"बसा ना," मागून बेबाबाई म्हणाल्या. त्यांच्या हातात ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पिठाची परात होती. "पोरगा येवढा जीव लावतो, तं बसाले काय जातं तुमचं?"

आबांनी बायकोकडे पाहिलं. पंचावन्न वर्षांच्या संसारात ही बाई मुलाच्या बाजूनं इतकी उघड कधी गेली नव्हती.

बेबाबाईंचंही खरं होतं. दिवाळीत पाटात पडलेल्या नवऱ्याला पहिल्यांदा त्यांनीच पाहिलं होतं. चिखलात उताणा पडलेला तो माणूस डोळे मिटून गप्प होता. चार हाका मारल्या तरी बोलला नाही, आणि पाचव्या हाकेला डोळे न उघडता म्हणाला, "वरडू नोको, मी इचार करी राह्यलो कसं उठावं." त्या चार हाकांमध्ये बेबाबाईंचं जे झालं, ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. जाळ गेला तर जाऊ दे, माणूस राहू दे, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. ते बोलता येईना, म्हणून त्या दिवसभर चिडचिड करायच्या.

आबा बसले. पण खुर्चीच्या अगदी कडेवर बसले, एसटीत उतरायच्या आधी बसतात तसे.

*

मोनालीनं निंबाखाली आणखी सहा खुर्च्या मांडल्या आणि वर कापडी फलक बांधला: 'आनंदी ज्येष्ठ, सक्रिय ज्येष्ठ'. ती समाजकार्याचं शिकली होती, जळगावातल्या एका संस्थेत ज्येष्ठांसाठी काम करत होती आणि मनापासून करत होती. म्हाताऱ्या माणसांना कोपऱ्यात टाकतात, याचा तिला खरोखर संताप यायचा. म्हणून तिनं त्यांच्यासाठी निंबाखाली खास जागा केली होती. तो शेताचा कोपराच आहे, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

आठ दिवसांपूर्वी तिनं आबांकडून आवडीनिवडींचा फॉर्म भरून घेतला होता. आबांनी लिहिलं होतं, 'आवड: काम. नावड: टाळ्या.'

"चला, आता सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या!" मोनाली म्हणाली. "रक्ताभिसरण सुधारतं."

आबांच्या शेजारी हारुननाना बसले होते. जळगावचे केळीचे व्यापारी. पंचेचाळीस वर्षं आबांची केळी त्यांनीच घेतली आणि पंचेचाळीस वर्षं भावावरून भांडले. त्यांना नात हुमा सकाळी स्कूटीवर सोडून गेली होती. ते टाळ्या वाजवता वाजवता आबांच्या कानाशी झुकले.

"जीवराम, मले बी घरी असंच हाये यार. पोरानं, झैदनं, वखारीत माझ्यासाठी एसीची केबिन केली. म्हणे, अब्बा, आराम करा. आत बसलं की बाहेरचं काय बी ऐकू येत नाही. लिलाव चालला का दंगल चालली, कळतच नाही."

"मंग?"

"मंग काय, संडासला जातो असं सांगून बाहेर येतो. दिवसातून दहादा. झैदनं मले डॉक्टरला दाखवलं."

तिसऱ्या खुर्चीवर शेवंताबाई, आबांची थोरली बहीण. वय त्र्याऐंशी. साठ वर्षांपूर्वी शिरपूरला दिली, आणि बोलीही तिकडचीच घेऊन दर हिवाळ्यात येते. सगळे तिला अक्का म्हणायचे.

मोनालीनं स्मरणशक्तीचा खेळ काढला. ताटात दहा वस्तू ठेवल्या, मिनिटभर दाखवल्या आणि वर रुमाल टाकला. "आता कोण किती सांगतं बघू!"

हारुननानांनी दहाही सांगितल्या. वर म्हणाले, "कंगव्याचे दोन दात तुटलेत, लसूण मागच्या सालचा हाये, आणि ती केळी उद्यापर्यंत टिकणार नाही."

"अक्काआजी, तुम्ही?"

"माले काय इचारस व माय?" अक्का म्हणाली. "ती वाटी मनी शे. सकाळपासून धुंडी राह्यनू मी तिले."

मोनाली हसली, पण तिला मनातून थोडं खट्टू वाटलं. संस्थेत हा खेळ तासभर चालायचा. इथे चार मिनिटांत संपला होता आणि सातही म्हातारी माणसं एकाच दिशेला बघत होती. टेम्पोकडे.

"धूर काहून नही?" आबा म्हणाले.

*

धूर नव्हता, कारण रुपचंद गॅसवर भाजत होता. जाळीवर एका वेळी तीस वांगी, वरून झाकण. योगराज शेजारी उभा राहून मान हलवत होता.

योगराजचं एक गुपित होतं आणि ते त्यानं बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. त्याला भरीत भाजता येत नव्हतं. असोद्यात जन्मलेला, जीवरामचा मुलगा आणि झुलालचा नातू. त्याला वांगं कच्चं कधी आणि शिजलं कधी, एवढंही कळत नव्हतं. लहानपणापासून तो जाळाजवळ गेला की आबा म्हणायचे, "दूर हो, चटका बसन." तो दहाचा होता तेव्हाही म्हणायचे आणि पन्नाशीचा झाला तेव्हाही. मग दिवाळीत आबा पडले आणि भाऊकीतले लोक भेटायला येऊन म्हणू लागले, "आता जानेवारीत जाळ तुह्याकडेच, योगराज." त्या रात्रीपासून त्याची झोप उडाली होती. बापाची काळजी त्याला खरीच होती. पण त्या काळजीच्या आड आपलं अज्ञान छान लपतं, हेही त्याच्या ध्यानात आलं होतं.

"दोन गोण्या झाल्या, शेठ," रुपचंद म्हणाला. "तिसरी लावू का?"

"एवढ्यात झाल्या?"

"आपली सिस्टीम फास्ट आहे. धुळ्याला आठशे माणसांचं लग्न केलं मी." असं म्हणून रुपचंदनं भाजलेल्या वांग्यांची जाळी उचलली आणि निळ्या ड्रममध्ये उलटी केली. चर्र आवाज झाला आणि वाफ वर आली. "थंड पाण्यात साल हातोहात निघते. बोटं भाजत नाहीत."

योगराजला ते फार शास्त्रशुद्ध वाटलं.

तेवढ्यात अक्का आपली वाटी ठेवायला चुलीकडे चालली होती. ती ड्रमपाशी थांबली. आत वाकून पाहिलं. मग काठी जमिनीवर आपटून तिनं जो आवाज काढला, तो शेजारच्या शेतात तूर कापणाऱ्या बायकांनीही ऐकला.

"पानीमा बुडाडात! बठ्ठा वांगा पानीमा बुडाडात रे जीवराम!"

भाऊकीतली माणसं हातातलं काम टाकून आली. बेबाबाई पिठाच्या हातांनी आल्या. कोणी गेल्याची बातमी यावी तसे सगळे ड्रमभोवती उभे राहिले. आत हिरवी-पांढरी वांगी, सालं सुटलेली, हिवाळ्याच्या उन्हात निवांत तरंगत होती. धुराचा वास धुऊन निघाला होता. राहिलं होतं ते शिजलेलं वांगं, आजारी माणसाला देतात तसलं.

हारुननानांनी एक तुकडा चाखला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघू लागले.

"पथ्याला चांगलं आहे," ते म्हणाले.

"सगळीकडे असंच करतात," रुपचंद कुरकुरला. "लोक चाटूनपुसून खातात."

"कोन खातं?" बेबाबाई त्याच्यावर धावून गेल्या. "माह्या दारात साठ मानसं बशेल हायेत, त्याहिले काय उकडलेलं वांगं वाढू? योगराज, तू अठी उभा होता ना? तुले दिसलं नही का?"

"दिसलं, आई."

"मंग?"

योगराजनं खाली पाहिलं. तिसरी गोणी त्याच्या पायाशी होती. ती सोडली तर सगळं संपलं होतं, आणि आता प्रत्येक जण तिच्याकडे आणि त्याच्याकडे आळीपाळीनं पाहत होता.

"मी करतो," तो म्हणाला. निंबाखाली बसलेल्या बापाकडे न बघता त्यानं गोणी उचलली. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा ढीग बांधावर होताच. आबांनी तो कोणाला न सांगता चार दिवस आधीच रचून घेतला होता. योगराजनं पऱ्हाट्यांचा भारा जमिनीवर टाकला, त्यावर वांगी ओतली आणि काडी ओढली.

"अरे, टोचे!" अक्का ओरडली. "टोचे मारात का त्यासले?"

पहिलं वांगं फुटलं तेव्हा योगराज दोन पावलं मागे उडाला. दुसरं फुटलं तेव्हा त्याच्या चष्म्यावर बिया बसल्या. पोरं हसली, मग मोठी माणसंही हसली. योगराजनं चष्मा काढला, आणि रुमाल शोधायला खिशात हात घातला. रुमाल खुर्चीची धूळ पुसून निंबाखालीच राहिला होता.

मोनालीनं बापाचा चेहरा पाहिला आणि तिचं हसू थांबलं. "बाबा, तुम्हाला हे येत नाही?"

"नाही येत," योगराज म्हणाला. एवढ्या वर्षांचं गुपित त्यानं एकदम सगळ्यांसमोर सांगून टाकलं. "मला कोणी जवळ येऊच दिलं नाही तर येणार कसं? पन्नाशी उलटली तरी, दूर हो, चटका बसेल! म्हणून माणूस बोलावला. आबांना बसवलं, म्हणजे मला कोणी विचारणार नाही."

आबा खुर्चीवरून उठले. त्यांना कोणी उठवलं नाही. बत्तीस पावलं त्यांनी टेकायला काठी न घेता तोडली आणि बेबाबाई "हळू, हळू" म्हणत मागून धावल्या.

"सरका," ते म्हणाले.

ते जाळापाशी उकिडवे बसले. निंबाची काठी हातात घेतली. जळत्या पऱ्हाट्या पसरवल्या, वांगी एका ओळीत घेतली, न फुटलेल्यांना काठीच्या टोकानं टोचे मारले. भाऊकीनं सुटकेचा श्वास टाकला. धूर वर चढला आणि त्याच्याबरोबर तो वास आला, ज्याच्यासाठी सगळे वर्षभर थांबलेले असतात. पहिली ओळ झाली. आबांनी दुसरीकडे सरकायला गुडघा उचलला, तर तो उचलला जाईना.

त्यांनी पुन्हा जोर केला. गुडघा जागचा हलला नाही. डाव्या डोळ्यातल्या मोतीबिंदूमुळे धुरापलीकडची वांगी त्यांना एकाची दोन दिसत होती. ते तसेच बसून राहिले. शेजारी कोणीतरी येऊन बसलं. बेबाबाई होत्या.

"इचार करी राह्यले का, कसं उठावं?" त्या हलकेच म्हणाल्या.

आबांना हसू आलं. मग एकाएकी त्यांना झुलालबाबा आठवले. खुर्चीवर बसलेले, ताट मांडीवर, नजर जाळाकडे. आपण काठी घेतली ती घेतली, पण बाबांना एकदा तरी विचारायला हवं होतं, वांगं झालं का म्हणून. सहा वर्षांत एकदाही विचारलं नाही. आणि वांगं झालं हे कसं ओळखायचं, ते आपण मुलाला एकदाही सांगितलं नाही. आबांचे डोळे भरून आले आणि धूर होता म्हणून कोणाला कळलं नाही. बेबाबाईंना कळलं.

"योगराज," आबा म्हणाले. "ती खुर्ची आन."

योगराजचा चेहरा पडला. "परत निंबाखाली बसता?"

"निंबाखाली काहाले? अठी आन. जाळापाशी."

खुर्ची आली. हारुननाना आणि मोनालीनं मिळून आबांना उचलून तिच्यात बसवलं. आबांनी काठी योगराजच्या हातात दिली.

"बस खाली. चटका बसला तं बसला."

त्यानंतर जे झालं त्याला कार्यक्रम म्हणता येणार नाही. हारुननानांनी गोणीतली वांगी एकेक करून पारखली, देठ सुकलेली बाजूला काढली आणि पाठवणाऱ्याला नावं ठेवली. अक्का टोचे मारत बसली. निंबाखालच्या उरलेल्या चार म्हाताऱ्यांनी कोणी न सांगता भरीत ठेचायची लाकडी बडगी ओढून घेतली आणि मिरची-लसूण कुटायला बसले. त्यात मीठ कोणी घालायचं यावरून दोघांचं वाजलंही. रुपचंदला कांद्याची पात चिरायला बसवलं. एक गोणी साठ जणांना पुरेना, म्हणून बेबाबाईंनी ड्रममधलं वांगं पिळून काढलं आणि त्याला जाळावर पुन्हा धुरी दिली. मोनालीनं कापडी फलक सोडला. पण घडी घालायच्या ऐवजी त्यात गरम भाकऱ्या बांधून ठेवल्या.

"आबा, झालं का?" योगराज विचारत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मले काय इचारतं? देठाजोळ दाबून पाह्य."

योगराजनं दाबलं, बोट तोंडात घातलं. "झालं."

"नही झालं. फिरव."

"बठ्ठा जाळी टाकशी! कडेनं फिराव, कडेनं!" अक्का म्हणाली.

दर ओळीला आबा खुर्ची वीतभर पुढे सरकवत होते. बेबाबाई ती मागे ओढत होत्या. हे दोन तास चाललं. शेवटची ओळ आली तेव्हा बेबाबाई भाकऱ्या वाढायला गेल्या होत्या, आणि तिथेच गडबड झाली. खुर्चीचा पुढचा पाय उष्णतेनं मऊ झाला, वाकला, आणि आबा हळूहळू जाळाच्या बाजूला कलायला लागले.

योगराजनं काठी टाकली आणि बापाला दोन्ही हातांनी कवटाळलं. सगळे धावले. बेबाबाई वाढायचं ताट हातात घेऊनच धावल्या आणि येता येता नवरा, मुलगा, खुर्ची बनवणारा आणि विकणारा अशा चौघांनाही शिव्या दिल्या.

आबा मुलाच्या मिठीत तसेच उभे होते. त्यांनी मान वळवून खुर्चीच्या वाकड्या पायाकडे नीट पाहिलं.

"पुढच्या साली लाकडी आन," ते म्हणाले.